खिडकीतल्या दोन कुंड्या

भांगेचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक शिवरात्रीचे किंवा होळीचे. पाटा-वरवंटा, बदाम, बडीशेप, मिरे, दूध आणि उगाच हसत सुटलेले कुणाचे तरी काका. दुसरे चित्र वर्तमानपत्रातले. अमक्या गावच्या शिवारात तुरीच्या ओळींआड लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून नेली, वगैरे. असल्या बदनाम झाडाने दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायच्या अंकात काय म्हणून यावे, असे एखाद्या आजीबाई विचारतील. त्यांना आधीच सांगून ठेवतो की येथे नशेची गोष्ट नाही. ही गोष्ट आहे घरात, खिडकीपाशी, काचेखाली वाढवलेल्या भांगेच्या रोपांची. ही रोपे कधी अपेक्षेबाहेर वागली, कधी वेळ नसता फुलली, कधी वाढायचीच थांबली. आणि ती असे का करतात हे शोधण्यासाठी काही माणसे त्यांच्यापुढे वर्षानुवर्षे बसून राहिली. त्यांना जे सापडले, त्यावाचून आपल्या अंगणातली शेवंती दसरा-दिवाळीलाच का फुलते हेही आपल्याला सांगता आले नसते.

प्रथम झाडाची ओळख. आपल्याकडचा ताग निराळा आणि अंबाडी निराळी. त्यांच्यापासूनही दोर होतात म्हणून इंग्रजांनी सर्वांनाच एका नावाखाली घातले आणि घोटाळा करून ठेवला. खरी भांग ती हीच. अथर्ववेदात ‘भंग’ असे नाव येते. युरोपात मात्र तिला पिण्यासाठी कोणी लावीत नसे. तिकडे तिची लागवड वाखासाठी. जहाजांचे दोर आणि शिडे तिच्या वाखाची असत; ‘कॅनव्हास’ या शब्दाच्या पोटात तिचे लॅटिन नाव ‘कॅनाबिस’ अजून बसलेले आहे. भांगेत पपईसारखे नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. नर सडपातळ, आधी फुलणारा, वाऱ्यावर पराग उधळून सुकून जाणारा. मादी दाट, उशिरापर्यंत हिरवी, बिया धरणारी. रोपे लहान असताना मात्र दोन्हींत काडीचाही फरक दिसत नाही.

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. इंग्लंडातले शेतकरी सडपातळ, आधी उपटायच्या झाडाला ‘फिंबल’ म्हणत, आणि या शब्दाचे मूळ ‘मादी’ असे आहे. धिप्पाड, बिया देणाऱ्या झाडाला ते ‘कार्ल’, म्हणजे गडी म्हणत. धिप्पाड तो पुरुष आणि नाजूक ती बाई, या हिशेबाने त्यांनी शतकानुशतके लेकुरवाळीलाच गडी ठरवले होते! त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. झाडांतही नर-मादी असते, पराग पडल्याखेरीज बी धरत नाही, हे त्या काळी मोठमोठ्या पंडितांनाही मान्य नव्हते.

ते प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय जर्मनीतील ट्यूबिंगेन गावच्या रुडॉल्फ याकोब कामेरारियस याला जाते. तेथील वनस्पतिउद्यान त्याच्या देखरेखीखाली होते. त्याने एरंडाचे नर फुलोरे उमलण्यापूर्वी खुडले, तेव्हा एरंडीला बी धरले नाही. मक्याच्या कणसाचे केस कापले, तेव्हा कणीस पोकळ राहिले. २५ ऑगस्ट १६९४ या तारखेच्या एका दीर्घ पत्रात त्याने हे सारे आपल्या मित्राला लिहून कळवले. विजय पुरा झाला असता. पण भांग आडवी आली. शेतातून आणून एकट्या ठेवलेल्या भांगेच्या मादीला, जवळपास नर नसताना, काही बिया धरल्या. त्या पोकळही नव्हत्या. चांगल्या उगवणाऱ्या होत्या. दुसऱ्या कोणी ही गोष्ट खिशात घातली असती. कामेरारियसने ती त्याच पत्रात प्रामाणिकपणे नमूद केली. त्याने केलेल्या प्रयोगांइतकीच मला ही नोंद मोलाची वाटते, कारण पुढची सव्वादोनशे वर्षे ती कोणालाच नीट उलगडली नाही.

पुढचा अंक स्वीडनमधल्या उप्साला शहरातला. तेथे लिनीअस हा प्राध्यापक होता. जगातल्या वनस्पतींना दुहेरी नावे देऊन त्यांची वर्गवारी लावणारा हाच तो. भांगेला ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव त्याने १७५३ मध्ये आपल्या ग्रंथात दिले. त्याची वर्गवारी फुलांतल्या नर-मादी अवयवांच्या मोजणीवर उभी होती, आणि त्यामुळे सोवळ्या मंडळींचे पित्त खवळले. सेंट पीटर्झबर्गच्या योहान झीगेसबेक नावाच्या पंडिताने तर देवाने फुलांच्या राज्यात असला अनाचार कधी होऊ दिला नसता, अशा अर्थाची टीका केली. या झीगेसबेकाचे नाव लिनीअसने एका चिकट तणाला दिलेले आहे. त्यातून वाचकांनी हवा तो अर्थ काढावा.

दैवाची लीला अशी की, त्याच सेंट पीटर्झबर्गच्या अकादमीने पुढे वनस्पतींतील लिंगभेदाच्या प्रश्नावर बक्षीस लावले आणि ते १७६० मध्ये लिनीअसच्या निबंधाला मिळाले. त्या निबंधात एक प्रयोग आहे. त्याला ना वेधशाळा लागली, ना दरबारी खर्च. एप्रिल महिन्यात त्याने दोन कुंड्यांत भांगेचे बी पेरले. रोपे दाट आली. एकेका कुंडीत तीस-चाळीस. दोन्ही कुंड्या त्याने खिडकीच्या उजेडात ठेवल्या, पण घरातल्या एकमेकींपासून दूर असलेल्या खोल्यांत. एका कुंडीत नर-मादी दोन्ही राहू दिले. जुलैत त्या कुंडीतले बी पिकले. ते पेरल्यावर बाराव्या दिवशी उगवले. दुसऱ्या कुंडीतले नर मात्र ओळखू येताच त्याने एकेक करून उपटून टाकले. त्या कुंडीतल्या माद्या उत्तम वाढल्या. त्यांच्या फुलांतून लांब, पांढरे केसर बाहेर आले, आणि दुसऱ्या खोलीतले केसर कधीच कोमेजून बी भरू लागले असताना इकडचे मात्र ताजेतवाने राहिले. पराग येण्याची वाट पाहत असावेत, तसे ते कितीतरी दिवस तिष्ठत होते. लिनीअस हा मोजमापाचा माणूस. पण या ठिकाणी त्याची लेखणीही थोडी हळवी झालेली आहे.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला या प्रयोगाचा हेवा वाटल्यावाचून राहत नाही. दोन कुंड्या, दोन खिडक्या, मूठभर बी. परंतु यात लिनीअसच्या हुशारीबरोबर त्याचे नशीबही होते, हे आज आपल्याला दिसते. एका कुंडीत चाळीस रोपे म्हणजे एखाद्या अनुभवी माळ्याने कपाळाला हात लावला असता. दाटीत हवा खेळत नाही, माती ओली राहते, आणि एका रात्रीत रोपे माना टाकतात. शिवाय खोलीतला उजेड तो किती! पण उप्साला पार उत्तरेला आहे. तेथे जूनमध्ये दिवस अठरा तासांहून मोठा असतो. एप्रिलमध्ये पेरलेल्या रोपांचे बाळपण वाढत्या दिवसांत गेले. हाच प्रयोग त्याने नोव्हेंबरात केला असता, तर त्याला वेगळेच काही पाहायला मिळाले असते, आणि कदाचित बक्षीसही हुकले असते. त्या गोष्टीकडे आपण येणारच आहोत.

लिनीअसच्या कुंड्यांनी वाद मात्र मिटला नाही. इटलीत पाव्हिया येथे लाझारो स्पालान्झानी नावाचा मोठा प्रयोगपंडित होता. त्याने भांगेच्या माद्या नरापासून कसोशीने दूर ठेवल्या, आणि तरीही त्यांना बी धरले. १७८० मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले व परागाची गरज सरसकट नसते असा निष्कर्ष काढला. म्हणजे कामेरारियसच्या शंभर वर्षे जुन्या अडचणीला आता मोठ्या माणसाचे पाठबळ मिळाले. एकाच झाडाने उप्सालात एक साक्ष दिली आणि पाव्हियात दुसरी! कोणी म्हणाले, खिडकीच्या फटीतून पराग आला असेल. कोणी म्हणाले, मादी झाडावरच एखादे चोरटे नर फूल असेल. हा दुसरा तर्क बरोबर होता. पण नर फूल मादीवर येईलच कशाला, हे सांगणे कोणाला जमेना.

युरोपातले विद्वान असे भांडत असताना आपल्याकडच्या शेतकऱ्यांना मात्र या बाबतीत काही शंका नव्हती. बंगालात राजशाही जिल्ह्यातल्या नौगाव भागात (आज तो बांगलादेशात आहे) सरकारी परवान्याने गांजा पिके. रोपे आधी वाफ्यात तयार करीत आणि मग शेतात लावीत. गांजा म्हणजे मादी झाडाचा बी न धरलेला, राळेने चिकट झालेला तुरा. शेतात नर राहिला तर सगळा तुरा बियांनी भरतो आणि माल कवडीमोलाचा होतो. म्हणून तेथे परखदार नावाचा खास जाणकार असे; साहेबलोक त्याला गांजा-डॉक्टर म्हणत. पिकाला नुकती कुठे फुलाची चाहूल लागली की तो ओळींतून फिरे आणि नर झाडे नेमकी हेरून मोडीत जाई. १८९३-९४ मध्ये सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाच्या खंडांत या धंद्याची इत्थंभूत हकीकत आहे. आपल्या अहमदनगर जिल्ह्यातही तेव्हा गांजाचे पीक निघत असे आणि तेथेही नर उपटण्याची रीत होती. लिनीअसने दुसऱ्या कुंडीत जे केले तेच हे. फरक इतकाच की या लोकांनी त्यावर निबंध लिहिला नाही आणि त्यांना बक्षीसही कोणी दिले नाही.

आता पुन्हा घरातल्या रोपाकडे वळू. उघड्या रानात भांग तणासारखी माजते. हिमालयाच्या पायथ्याशी ती रस्त्याकडेला आपोआप उगवते. तिला ना कोणी पाणी घालतो ना खत. तीच खोलीत आणली की मात्र तिची प्रकृती तोळामासा होते. हे भांगेचेच नव्हे, कोणत्याही रोपाचे आहे. आजाराचे कारण एकेक करून कळत गेले, आणि त्याला शे-सव्वाशे वर्षे लागली. पहिले दुखणे उजेडाचे. जीनिव्हाच्या शार्ल बॉने याने १७५४ मधल्या आपल्या पुस्तकात अंधारात वाढून फिकट, लांबट झालेल्या रोपांचा विचार केला आणि दोष उजेडाच्या अभावाचा आहे हे दाखवले. आमच्या शाळेत दरवर्षी मुले मटकीचे दाणे दोन पेल्यांत लावतात. एक पेला खिडकीत, दुसरा कपाटात. आठवड्याने कपाट उघडले की एखादा मुलगा हमखास ओरडतो, “सर, कपाटातले जास्त वाढले!” उंची म्हणजे वाढ, ही समजूत मोठ्या माणसांतूनही जात नाही. ते रोप वाढलेले नसते. ते उजेड शोधायला धावलेले असते. बीजदलातली शिदोरी संपली की ते आडवे होते.

दुसरे दुखणे पिवळेपणाचे. आपले ऊसवाले त्याला केवडा पडणे म्हणतात. फ्रान्समधल्या युझेब ग्री याने १८४३ च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या पानांना हिराकशीचे पाणी लावून पाहिले आणि ती हिरवी झाली. रोपाला लोह लागते हे असे हिराकशीने कळले. पुढे १८६० च्या आसपास यूलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी माती अजिबात न वापरता, बरणीतल्या पाण्यात मोजके क्षार घालून रोपे वाढवली, आणि कोणत्या क्षारावाचून कोणते पान कसे आजारी पडते ते पाहता येऊ लागले. लोह कमी पडले की शेंड्याची कोवळी पाने आधी पिवळी होतात. नत्र कमी पडले की खालची जुनी. कारण नत्र जुन्या पानांतून काढून नव्याकडे नेता येते, लोह तसे हलत नाही. पान कोणते पिवळे पडले आहे हे पाहिल्याशिवाय औषधाला हात लावू नये, एवढे शहाणपण या बरण्यांनी दिले.

तिसरे दुखणे सर्वांत दुष्ट. संध्याकाळी टवटवीत असलेले रोप सकाळी मातीशी खोड बारीक होऊन कोलमडलेले. शेतकरी त्याला मर म्हणतो. १८७४ मध्ये हेस्से नावाच्या जर्मन संशोधकाने या कोलमडलेल्या रोपांत बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव दाखवला आणि आपल्या क्षेत्रातले थोर पंडित डे बारी यांचे नाव त्याला दिले. हा जीव ओल्या, कोंदट मातीत पोहत पोहत रोपाला गाठतो. म्हणजे खुनी जरी तो असला, तरी त्याला दार उघडून देणारा हात पाणी घालणाऱ्याचा. खोलीतली रोपे तहानेपेक्षा लाडानेच अधिक मरतात.

या तिन्ही दुखण्यांत रोप खंगते किंवा मरते. चौथे लक्षण या कशातच बसणारे नव्हते, आणि त्याच्यापाशी माझ्या या लेखाचा खरा नायक उभा आहे. त्याचे नाव झुल्यँ तुर्न्वा. आपल्याकडे ते कोणाला माहीत नाही. त्याच्या देशातही फारसे कोणाच्या तोंडी नसते.

तुर्न्वा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर पॅरिसमध्ये हॉप नावाच्या वेलीतील नर-मादीचा अभ्यास करीत होता. हॉप ही बियरला कडसर चव देणारी वेल. ती भांगेच्याच कुळातली, तिचीही नर आणि मादी झाडे वेगळी. त्याने जपानी हॉपचे बी थंडीतच काचघरात पेरले. एरवी ही वेल उन्हाळाभर वाढते, चढते आणि मग उशिरा फुलते. पण काचघरातली ही बाळे हातभरही वाढली नाहीत आणि फुलू लागली! भांगेचे बी तसेच पेरून पाहिले, तर तिनेही तेच केले. चार पाने आली न आली तोच फुले. दुधाचे दात पडण्यापूर्वी मुलाला मिशा फुटाव्यात, तसला हा प्रकार. त्यातच भर म्हणजे फुलेही धड नव्हती; नराच्या फुलांत मादीच्या खुणा आणि मादीच्या फुलांत नराच्या. १९११ मध्ये त्याने या विचित्र फुलांची हकीकत फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

एखादा माळी ही खुरटी रोपे बिघडली म्हणून उपटून फेकून देता. तुर्न्वाने त्यांना रोगी मानले नाही. काचघर उबदार होते, तेव्हा थंडीने खुरटली असे म्हणता येईना. माती बदलली, ओल बदलली, तरी लक्षण तेच. वेगवेगळ्या महिन्यांत बी पेरल्यावर मात्र फरक दिसला. वसंतात पेरलेली रोपे शहाण्यासारखी वाढत, थंडीत पेरलेली लगेच फुलत. थंडीत असे काय असते जे काचघराच्या शेगडीने बदलत नाही? सूर्य! तेव्हा त्याने मोठ्या दिवसांच्या हंगामात रोपे झाकून ठेवायला सुरुवात केली आणि त्यांना दिवसातून मोजकेच तास उजेड दिला. रोपे पुन्हा बाळपणीच फुलली. १९१२ मध्ये त्याने उजेडाचा हा परिणाम जाहीर केला. आणि १९१४ च्या आपल्या मोठ्या निबंधात तो आणखी एक पाऊल पुढे गेला. दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणे हेच बहुधा खरे कारण असावे, असे त्याने लिहिले.

त्याच वर्षी युरोपात युद्ध पेटले. तुर्न्वा त्यात मारला गेला. हॉपच्या नर-मादीचा शोध घेता घेता त्याला फुलण्याच्या घड्याळाची चावी सापडली होती. तिने कुलूप उघडण्याइतका वेळ मिळाला नाही. त्या चार वर्षांत युरोपातली किती काचघरे अशी पोरकी झाली असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पुढचे काम अमेरिकेत झाले, आणि तेही तंबाखूमुळे. वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेतावर गार्नर आणि अॅलर्ड हे दोघे ‘मेरिलँड मॅमथ’ नावाच्या तंबाखूने बेजार झाले होते. हा तंबाखू शेतात माणसाच्या डोक्यावर जाई, पण हिवाळा येईपर्यंत फुलतच नसे. म्हणजे बी मिळणार कोठून? तोच काचघरात थंडीत लावला तर लहानपणीच फुले. तुर्न्वाच्या भांगेचीच ही दुसरी आवृत्ती. जुलै १९१८ मध्ये त्यांनी शेतात एक अंधारी खोपटी उभारली. दुपारी कुंड्या आत ढकलायच्या, सकाळी बाहेर काढायच्या. भर उन्हाळ्यात तंबाखू फुलला. १९२० मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि रात्र-दिवसाच्या लांबीवर फुलणारी झाडे ही गोष्ट जगाला कळली. तुर्न्वाचा रात्रीविषयीचा अंदाज १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी खरा ठरवला. त्यांनी त्यासाठी घेतलेली वनस्पती आपल्या शंकेश्वराच्या जातीची, कपड्यांना बोंडे चिकटवणारी. मोठ्या रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला, तर ती फुलायचे विसरून जाते!

शेवंतीचे कोडे सुटते ते येथे. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकराच्या. फरक थोडा, पण शेवंतीला तेवढा पुरतो. भाद्रपदानंतर रात्री लांबू लागल्या की तिच्या कळ्या धरतात आणि ऐन सणात ती आपल्या हाराला येते. आता फुलांचे मळेवाले रात्री विजेचे दिवे लावून तिला थोपवून धरतात आणि बाजार पाहून फुलू देतात. पावसाळ्यात पेरलेला नगरचा गांजाही असाच लांबत्या रात्रींत फुलावर येई. तो हंगाम शेतकऱ्याला पाठ होता. त्यामागचे घड्याळ पॅरिसच्या काचघरात दिसले.

राहिली कामेरारियसची अडचण. ती सुटली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात. जॉन शाफनर हा तेथील प्राध्यापक हिवाळ्याच्या तोंडाशी काचघरात भांग पेरीत असे. तेथे त्याला दिसले की लहान दिवसांच्या त्रासात वाढलेल्या माद्यांपैकी पुष्कळ जणींना नर फुले येतात आणि नरांना मादी फुले. हीच भांग उन्हाळ्यात शेतात लावली तर हा प्रकार क्वचितच. १९१९ पासून तो यावर लिहू लागला आणि १९२३ मध्ये त्याने दिवसाच्या लांबीशी याचा संबंध जोडून दाखवला. म्हणजे ट्यूबिंगेनला उपटून आणून एकट्या ठेवलेल्या मादीवर कोठेतरी पानाआड चार नर फुले आली असणार आणि तिनेच आपल्यापुरती सोय केली असणार. स्पालान्झानीच्या बाबतीतही तसेच. उप्सालाच्या खिडकीत मात्र माद्या मोठ्या दिवसांत, सुखात वाढल्या, म्हणून त्या शेवटपर्यंत तिष्ठत राहिल्या. १६९४ च्या पत्रातल्या एका प्रामाणिक ओळीला १९२३ मध्ये उत्तर मिळाले.

यानंतरची हकीकत लौकरच संपवतो, कारण ती पोलीस आणि वीजबिल यांची आहे. १९७० नंतर अमेरिकेत आणि हॉलंडमध्ये कायद्याच्या धाकाने लोकांनी ही झाडे तळघरांत नेली आणि दिव्यांखाली वाढवली. वाढीसाठी दिवसाचे अठरा तास दिवा आणि फुलण्यासाठी बारा तास दिवा व बारा तास गुडुप अंधार, ही त्यांची रीत थेट तुर्न्वा आणि गार्नर-अॅलर्ड यांच्या कामातून आलेली. पुढे काही देशांनी कायदाच सैल केला. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घराला चार झाडे लावता येतात. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान माणसाला तीन. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने परवान्यावाचून ही लागवड करणे गुन्हा आहे, तेव्हा कोणा उत्साही वाचकाने कुंडी धुवायला काढू नये. त्यात तुळस लावावी. ती या चारही दुखण्यांतून सहसा निभावते.

पण तिकडे जी मंडळी आज हौसेने तीन-चार कुंड्या ठेवतात, त्यांची गाऱ्हाणी तीच जुनी आहेत. रोप उंच जाऊन वाकले, म्हणजे दिवा लांब. पाने लोंबली म्हणून पाणी घातले, आणखी लोंबली म्हणून आणखी घातले. मुळांना श्वास मिळेना. पिवळे दिसले म्हणून खत ओतले, आणि पानांची टोके जळाली. या सगळ्यांतून जे पार पडतात त्यांच्यापुढे अखेरचा प्रश्न उभा राहतो. दिव्याच्या खोलीच्या दाराला बारीकशी फट असते, रात्री तिच्यातून जिन्यावरचा उजेड येतो, घड्याळ बिघडते. दोन महिन्यांनी पाहावे तर नर कोठेच नाही, आणि एकट्या मादीच्या तुऱ्यात पाच-सहा टपोऱ्या बिया. बी विकणाऱ्याने फसवले म्हणून मालक त्याच्याशी भांडायला निघतो.